पाणी पिणारं अंगण

त्या घरात शिरायचं तर आधी फाटकाबाहेर चपला काढायच्या, मग बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे, आणि मग ते पुसायचे. पुसायला फाटकाला गोणपाटाचा तुकडा टांगलेला असायचा. कोणी ओल्या पायानं आत आलं की ओट्यावरून आवाज यायचा, "पाणी आत आणू नका! पाणी बाहेरच ऱ्हाऊ द्या!"

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की मालक, देवळात जाताना मी पाय धुतो, पण ते पुसून या म्हणून देवानंसुद्धा कधी सांगितलं नाही.

मालक म्हणाले, "देवाची फरशी दगडाची हाय. माझी सिमिटाची हाय. सिमिट पाणी पितं."

 मी पाय पुसले. पण मनातून राग धरला, तो बरेच दिवस धरला.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. जवळा बाजारला त्यांची माणसं अजून आहेत, त्यांना आवडायचं नाही. मी त्यांना मालक म्हणायचो आणि ते मला बकरीवाले म्हणायचे, एवढं पुरे. त्यांच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, त्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. माझा धंदा शेळ्यांचा. खेड्यापाड्यातून जनावर घ्यायचं आणि आठवडी बाजारात उभं करायचं. शाळा माझी दुसरीतच सुटली. पण बोकडाचं वजन मी नुसतं कमरेवर हात ठेवून सांगतो, आजही सांगतो, ज्याला खोटं वाटतं त्यानं काटा घेऊन यावं. सांगायचं म्हणजे मी काही कोणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हतो. तरी त्या घरात इतकी वर्षं राहिलो. शेळ्या मागच्या बाजूला बांधायच्या, अंगणात त्यांचा एक खूर पडता कामा नये, ही अट होती. ती अट मी पाळली, आणि ते मला पाय पुसायला लावत राहिले.

मालकांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. सिद्धेश्वरच्या धरणातून जे पाणी सुटतं, त्याची दारं उघडायची, मिटायची, कुठं पाझरतंय ते बघत हिंडायचं. जन्मभर पाण्यामागं फिरून त्यांनी पाण्याचा असा धसका घेतला होता, की मला दुसरा माणूस असा दिसला नाही. म्हणायचे, "बकरीवाले, चोर निदान पाय वाजवतो. पाणी वाजत न्हाई. आज शिरतं अन् दोन सालानं सांगतं, का मी आत हाय."

म्हणून ते सगळ्या वस्तूंवर पाण्याचा थेंब टाकून बघायचे. वैनीच्या, म्हणजे मालकांच्या बायकोच्या, डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या घरात साठल्या होत्या. त्यातली एक पाणी भरून कायम त्यांच्या खिशात. नवं घोंगडं घेतलं, टाक थेंब. छत्री, टाक थेंब. थेंब वर मण्यासारखा उभा राहिला की म्हणायचे, "न्हाई पीत. चांगलं हाय." आणि जिरला की चेहरा पडायचा, जसं काही घरात कोणी आजारी पडलं. एकदा त्यांचे व्याही आले, नवे बूट घालून. मालक बोलता बोलता खाली वाकले आणि बुटावर थेंब टाकला. व्याही बघत राहिले. मालक म्हणाले, "पितंय." व्याही पुढच्या खेपेला चपला घालून आले.

आता अंगणाचं सांगतो. ते अंगण मालकांनी नोकरीतून सुटल्यावर स्वतः ओतलं होतं. सिमेंटात तांबड्या रंगाची भुकटी कालवून लाल चौकोन केले, आणि मधून हातभर रुंदीची पिवळी पट्टी नेली. ओट्याच्या पायरीपासून तुळशीपर्यंत सरळ, आणि तुळशीपासून वळून, हौदाच्या कडेनं न्हाणीपर्यंत. पिवळी पट्टी कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाण्याला कालवा लागतो, तसा माणसाला नको का?" हौस होती, दुसरं काही नाही. पण पुढं ती हौस कामाला आली.

कारण वैनीला काचबिंदू झाला. वैनी म्हणजे ठेंगणी बाई, आवाज मात्र पार बाजारपेठेपर्यंत जायचा. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, की गेली ती नजर गेली, उरली ती औषधानं टिकवा. कडेचं दिसायचं नाही, समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. तेव्हा ती पिवळी पट्टी वैनीचा रस्ता झाली. लाल रानातून पिवळी वाट जावी तशी. त्या पट्टीवरून त्या तुळशीला जायच्या, न्हाणीला जायच्या, कोणाचा हात धरायच्या नाहीत. काठी आणून दिली तर ती त्यांनी कपडे वाळत घालायला बांधली.

मी राहायला गेलो तेव्हा अंगण डाळिंबाच्या दाण्यासारखं होतं. दहा-बारा उन्हाळे त्याच्यावरून गेले, रोजचा शेणाचा सडा पडला, धुणं झालं. रंग कधी उडाला ते कोणालाच कळलं नाही. रोज बघणाऱ्याला कळत नाही. लाल गेलं, पिवळं गेलं, दोन्ही एकच राखेसारखं झालं.

मग एका दुपारी वैनी हौदाच्या कोपऱ्यावर पडल्या. कोपर सोललं, गुडघा सुजला. मालक धावत गेले, मी शेळीचा दोर सोडून धावलो. वैनी उठून बसल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "काय तमाशा हाय का? पाय मुरगळला. डोळ्याचं काई न्हाई."

पण त्या दिवसापासून त्या अंगठा पुढं करून चालायला लागल्या. पाण्यात उतरताना माणूस तळ चाचपतो तसं. मालक ओट्यावर बसून बघायचे आणि त्यांच्या हातातला चहा थंड व्हायचा.

एकदा मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "बकरीवाले, पडली त्या दिवशी ती पट्टी सोडून चालली व्हती. तिला वाटलं पट्टीवरच हाय."

मी खाली बघितलं. म्हटलं, "मालक, पट्टी मलाच दिसंना. माझे डोळे तर घारीचे हायत."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जसं मी काही मोठं देणं दिलं. ओट्यावरून उतरून खाली बसले, फरशीला नाक लावून बघितलं. "म्हणजे डोळे न्हाई गेले? फरशी गेली?"

"फरशीच गेली."

जरा वेळानं त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "अन् दोन्ही गेलं असंल तर?"

 

"वैनीलाच विचारा की," मी म्हटलं.

"तिला? तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं तरी दिसतंय म्हणंल. डॉक्टरसमोर पण तसंच. फळ्यावरचं अक्षर आधीच्या माणसाचं ऐकून पाठ केलं अन् म्हणून दाखवलं."

मी म्हटलं, मला खोटं कळतं, मी विचारतो. जनावराच्या बाजारात निम्मे लोक खोटं बोलतात, त्यात आयुष्य गेलं. गेलो वैनीकडं. त्या ज्वारी निवडत होत्या. विचारलं, "वैनी, सांगा बरं, माझ्या पागोट्याचा रंग कोणता?"

वैनीनं मान वर केली नाही. "भाऊ, माझी परीक्षा घेऊन राहिले का? तुमी या घरात आले तवापासनं एकच पागोटं हाय. अन् ते कधी धुतलं न्हाई, म्हणून त्याचा रंग डोळसालाबी सांगता येणार न्हाई."

मी उठून आलो. मालक दाराआडून ऐकत होते. हसू येत होतं आणि डोळ्यात पाणी पण होतं.

मग त्यांनी ठरवलं, की अंगणाचा रंग परत आणायचा. नांदेडला एका दुकानात सिमेंटच्या फरशीला लावायचं औषध मिळतं असं त्यांना कळलं, सीलर म्हणतात त्याला. रंग कालवलेलं. फरशी आधी खरवडून साफ करायची, पूर्ण वाळवायची, आणि मग त्याचे दोन पातळ हात द्यायचे. फरशीची भोकं बुजतात, पाणी आत जात नाही आणि रंग नव्यासारखा येतो. दोन डबे आणले, एक लाल, एक पिवळा. एसटीत मांडीवर घेऊन आले. शेजारच्यानं विचारलं, तूप का? तर म्हणाले, "डोळ्याचं औषध."

मला वाटलं, आता आठ दिवसात काम होईल. पण मी त्या माणसाला ओळखलं नव्हतं.

पाऊसकाळ सरला होता, ऊन चांगलं होतं. आम्ही तारेच्या ब्रशनं फरशी घासली, हलकं ॲसिडचं पाणी मारलं, धुतली. फरशी वाळली. मी म्हटलं, उघडा डबा. मालक म्हणाले, "वरून वाळली. पोटातलं काय?" त्यांनी खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या फाडल्या आणि ठिकठिकाणी फरशीवर चिकटवल्या. रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी उचलून बघतात तर आतून बारीक घाम. "बघा! अजून ओल हाय. यावर औषध दिलं तर आतलं पाणी वर येतं अन् पांढरं पडतं."

हे त्यांचं खरंच होतं, दुकानदारानंही तेच सांगितलं होतं. पण मग रोज पिशव्या, रोज घाम. घाम आला नाही त्या दिवशी म्हणायचे, आज आभाळ आहे. आभाळ नसलं तर म्हणायचे, आज ऊन फार, औषधाला फोड येतील. वैनीला त्यांनी सांगितलं होतं की फटी बुजवून राहिलोय, तू मागल्या दारानं जा. वैनी म्हणायच्या, "कितीक फटी हायत या घराला? मला कोंडून घालायचं ठरवलं का तुमी?"

आणि सडा बंद. शेणाचा तर नाहीच, साध्या पाण्याचाही नाही. थेंब पडायचा नाही अंगणात. इथंच सगळा घोळ झाला.

आमच्याकडं सकाळी दारात सडा पडला नाही, रांगोळी पडली नाही, म्हणजे त्या घरात काहीतरी झालं. एक दिवस लोक बघतात. दुसऱ्या दिवशी बोलतात. तिसऱ्या दिवशी ठरवूनच टाकतात. त्यात वैनी पुढच्या दारानं दिसायच्या बंद झालेल्या. बाजारात मला एकानं बाजूला घेऊन विचारलं, "कधी झालं? आमाला कळवलं पण न्हाई." मी म्हटलं, काय झालं? तर तो माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला.

आणि एका सकाळी शिरड शहापूरहून वैनीचे चुलतभाऊ आले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डोळे लाल. फाटकापासूनच हंबरडा फोडला. बादलीत पाय पडला, तो पुसला नाही, तसेच ओल्या पायानं फरशीवरून धावत आले. मालक ओरडले, "पाणी! पायाचं पाणी!" पाहुणे आणखीच मोठ्यानं रडले. त्यांना वाटलं, मालकांच्या डोक्यावर परिणाम झाला.

आतून वैनीचा आवाज आला, "कोण मेलं रे?"

पाहुणे उभे राहिले जागच्या जागी. तोंड उघडं. "आक्का… तूच की!"

"मी? मला कोणी सांगितलं न्हाई!"

नंतर हसून हसून वैनीच्या पोटात दुखलं. भावाला गूळ-शेंगा खायला घातल्या. म्हणाल्या, "आलाच हायेस तर बस, रडायचं राहिलं असंल तर रडून घे." पण भाऊ गेल्यावर त्या मालकांना म्हणाल्या, आणि तेव्हा हसत नव्हत्या, "उद्या सडा टाकते मी. अपशकुन कोणाच्या दारी करून राहिले तुमी? तुमच्याच."

मालक हात जोडून म्हणाले, "थोडे दिवस. थोडेच."

मला राहवलं नाही. मी माणूस तोंडावर बोलणारा. त्या दिवशी त्यांना मागल्या बाजूला नेलं आणि विचारलं, "मालक, काहून लांबवून राहिले? फरशी कवाच वाळली. माझ्या शेळ्यांना कळतंय."

ते बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेळ्यांना कधी हात न लावणारा माणूस. मग म्हणाले, "जवर फरशी उडालेली हाय, तवर मी म्हणू शकतो का फरशीचा दोष. रंग आला, अन् तरी ती अंगठ्यानंच चाचपत चालली, तर मग मी कशाला दोष देऊ?"

तेव्हा मला कळलं, की पिशव्यांच्या आत येणारा घाम कोणाचा होता.

तरी त्यांचं भिणं एवढ्यावर थांबत नव्हतं. औषधानं फरशी गुळगुळीत होते, वैनी घसरली तर? म्हणून त्यांनी मागं एक फरशीचा तुकडा रंगवून बघितला. त्यावर पाणी ओतलं, साबण ओतला, आणि वैनीच्या चपला घालून त्यावर चालून बघितलं. लहान चपला, टाचा बाहेर, लुगडं नेसल्यासारखं धोतर वर धरून चाललेले. मागच्या कुंपणापाशी माणसं जमली. एक जण म्हणाला, बाई गेल्यापासून असं करतात.

मी म्हटलं, "माणसाचं सोडा. शेळी आणतो. शेळी जगात कुठं घसरत न्हाई. डोंगराच्या कड्यावर चढते ती."

"घसरली तर?"

"मिशी काढतो."

माझी काळी शेळी आणली, चांगली उस्मानाबादी, बाजारात तिच्यासारखी दुसरी नव्हती. ओल्या तुकड्यावर तिनं चारी पाय ठेवले, आणि चारी खूर चार दिशांना गेले. फतकल मारून बसली आणि माझ्याकडं बघून ओरडली. लोक हसले. मला इतका राग आला, की शेळीला उचलून सरळ आत घेऊन गेलो. मिशी मात्र काढली. बोललो तर केलं.

पण मालक हसले नाहीत. पांढरे पडले होते. त्यांना पैज जिंकल्याचं भानच नव्हतं. "शेळी घसरली," एवढंच म्हणत होते, "बकरीवाले, शेळी घसरली." त्याच दिवशी त्यांनी पूर्णेची रेती आणली, मैद्याच्या चाळणीनं चाळली, पुन्हा चाळली, आणि औषधात मिसळायची ठरवली म्हणजे पायाला धर राहील. चाळणी कोणाची, हे वैनीला पोळ्या करताना कळलं. ते भांडण वेगळं.

शेवटी संक्रांत जवळ आली. वैनीनं सांगून टाकलं, की सणाच्या दिवशी मी पुढल्या दारानं तुळशीला जाणार, कोणी आडवं आलं तरी जाणार. मग कुठं डबे उघडले. पहिला हात दिला. एक दिवस मध्ये गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, दुसरा हात. मी लाल ओढत होतो, मालक पट्टीवर. गुडघ्यावर बसून, जीभ दातात धरून, कडा इतक्या सरळ ओढल्या की बघत राहावं. आणि खरं सांगतो, अंगण उजळलं. उडालेला रंग आतून वर यावा तसा आला. लाल तर असं की मी पहिल्या दिवशी बघितलं होतं त्याहून लाल. मधून पिवळी पट्टी.

मालक उठून उभे राहिले. मला वाटलं, आता तरी हसतील. त्यांनी पट्टीकडं इकडून तिकडं बघितलं आणि म्हणाले, "चूक झाली."

"आता काय?"

"तिला ही पट्टी पाठ हाय, बकरीवाले. डॉक्टरच्या फळ्यासारखी पाठ हाय. उद्या सरळ चालंल, अन् म्हणंल दिसतंय. मला कसं कळावं? आयुष्यभर कळायचं न्हाई."

मी काही तरी बोललो, काय ते आठवत नाही. धीर देणारं बोललो असेन. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. एवढं केलं, आणि ज्यासाठी केलं ते कळायचा रस्ताच नाही.

सकाळी शेळ्यांना पाला टाकत होतो. सूर्य वर आला होता. पुढून मालकांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. कोणी पोटात मारल्यावर निघतो तसा आवाज. धावत गेलो.

फाटकाच्या आत कोपऱ्यावरची मावशी उभी होती, हातात रिकामी कळशी. म्हातारी भली बाई, लोकांच्या अडीअडचणीला जाणारी. सणाच्या दिवशी या दारात सडा नाही, हे तिला बघवलं नव्हतं. दिवस उगवायच्या आधी येऊन तिनं अंगणात सडा टाकला होता, घरी जाऊन पूजा केली होती, आणि आता विसरलेली कळशी न्यायला आली होती. आदल्या संध्याकाळचं ओलं औषध, त्यावर पाणी. पाणी उन्हानं कधीच वाळून गेलं होतं. पण जिथं जिथं ते पडलं, तिथं लालवर दुधाच्या सायीसारखं पांढरं उमटलं होतं. बारके ठिपके सगळीकडं, आणि बरोबर पायरी आणि तुळशीच्या मध्ये, पट्टीवर अर्धा आणि लालवर अर्धा, परातीएवढा एक डाग.

"शेण न्हाई टाकलं बाबा," मावशी रडकुंडीला येऊन सांगत होती. "तुमी शेणाला न्हाई म्हणले व्हते, मला ठाऊक हाय. नुसतं पाणी टाकलं. सोवळ्याचं पाणी."

मालक पायरीवर बसले होते. ज्या पाण्याला त्यांनी एवढे महिने दाराबाहेर ठेवलं, ते असं आलं होतं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते त्या डागाकडं बघत होते.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं पुढलं दार उघडलं. वैनी. न्हाऊन, नवं लुगडं नेसून, हातात हळदीकुंकवाचं ताट, त्यात तीळगूळ. आम्ही तिथं आहोत हे त्यांना कळलं होतं का, सांगता येत नाही. त्या पायरी उतरल्या. मालक धडपडून उठले, त्यांना अडवायला. मी त्यांचा दंड धरला. घट्ट धरला. ते माझ्याकडं बघायला लागले, मी सोडला नाही. मावशी बोलायला गेली, तिला मी नुसता हात दाखवला, गप.

वैनी पट्टीवरून निघाल्या. अंगठा पुढं नव्हता. सरळ पावलं टाकत होत्या. पण ते तर होणारच होतं, पट्टी पाठ होती. एक पाऊल, दुसरं, आणखी. 

डागाच्या अलीकडं वीतभर अंतरावर वैनी थांबल्या.

मान खाली केली. थोडी डावीकडं वळवली, थोडी उजवीकडं, नळीतून बघितल्यासारखी. मग ताट एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं लुगडं घोट्याच्या वर धरलं, आणि पट्टी सोडून लालवर उतरल्या. डागाला वळसा घातला. पलीकडं गेल्यावर पुन्हा पट्टीवर आल्या. त्यांचा पाय त्या पांढऱ्याला कुठंही लागला नाही.

तुळशीपाशी ताट ठेवता ठेवता, मागं न बघता, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "सणाच्या दिवशी रांगोळी कोणी विस्कटली? अन् काढायची तर कडंनं काढावी, मधी काढतात व्हय? माणसानं चालावं कुटून?"

 मालकांनी तोंडावर हात धरला होता. जरा वेळानं मी त्यांचा दंड सोडला, तर त्यावर माझी बोटं उमटली होती.

ते फाटकाकडं चालत गेले. मावशी घाबरून एक पाऊल मागं सरली, पदर तोंडाशी धरला. मालकांनी तिच्या हातातली कळशी घेतली, उलटी करून बघितली, पुन्हा तिच्या हातात दिली. आणि वैनीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "मावशी, उद्या पण या. ती पडली त्या हौदाच्या अंगानं आज ताजा हात देतो, उद्या जरा तिथं शिंपडा."